वापरायला दिलेलं नाव

घंगाळ मिशनच्या देवळात कुणी न्यायचं यावरनं रविवारी सकाळीच जुंपली. चौगल्यांच्या घरात भांडल्याशिवाय कुठलं शुभकार्य पार पडलंय म्हणा! आक्का म्हणाली, मी थोरली, आईचं शेवटचं सगळं मी केलं, घंगाळ माझ्या हातानं जाणार. वसंता म्हणाला, मुलगा म्हणून तो मान माझा. आणि धाकटी लीला, पोरीच्या अंगात झबलं घालता घालता, मान वर न करता म्हणाली, "बाप्तिस्मा माझ्या लेकीचा हाय. तुम्ही सावकाश भांडा. मी आपली जुन्या वाडग्यात उरकून घेते."

"वाडग्यात?" आक्का कडाडली. "तो कड उडालेला, मडमसाहेबांच्या वेळचा? ह्या देवळाच्या मंडळीतल्या निम्म्या पोरांची नाळ माझ्या आईनं कापलीया. आन् तिच्या नातीला वाडग्यात?"

आक्का मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होती. पन्नास पोरींना एका हाकेत गप्प करायची सवय लागलेली, आणि ती घरीही सुटायची नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळं आई हीच तिची सगळी दुनिया होती. आई गेल्या आषाढात गेली तेव्हापासून आक्काच्या जिभेला आणखीनच धार आली होती. वसंता मिशनच्या शाळेत मास्तर, कपडे इस्त्रीचे, बोलणं पुस्तकी, आणि यंदा मंडळीच्या पंचांत त्याची निवड व्हायची होती. त्यामुळं तो सध्या चारचौघांत आवाज चढवत नव्हता. घरात चढवत होता.

शेवटी एक कडी आक्कानं धरली, एक वसंतानं. रस्त्यानं जाताना दोघं एकमेकांकडं बघत नव्हती, पण पाय मात्र जोडीनं टाकत होती.

घंगाळ होतं मात्र नामी. शिवाजी पेठेतल्या कासाराकडनं मुद्दाम घडवून घेतलेलं, जाड पितळेचं, चिंच लावून घासलेलं. काठाखाली कासारानं टिंबाटिंबांनी नाव घातलं होतं: चिमणाबाई केरबा चौगले यांच्या स्मरणार्थ. पुढं तिघा मुलांची नावं.

त्या नावापायीही महिनाभर रण माजलं होतं बरं का. वसंताचं म्हणणं, देवळाच्या दप्तरात आईचं नाव रूथ आहे, तेच घालायचं. मोठ्या दुष्काळात मिशननं उघड्यावरच्या पोरी गोळा केल्या, मडमेनं त्यांना ओळीनं बायबलातली नावं वाटली, त्यात आईच्या वाट्याला रूथ आलं. आक्का म्हणाली, "त्या नावानं जन्मात कुणी हाक मारली का तिला? आप्पा चिमणे म्हणायचे. सगळी मंडळी चिमणाकाकू म्हणायची. आप्पांनी ज्या नावानं चाळीस वर्षं संसार केला, तेच नाव पडणार." लीलानं आक्काची बाजू घेतली. दोनास एक. वसंता हरला आणि घंगाळावर चिमणाबाई आली.

आप्पा म्हणजे केरबामास्तर. ते जाऊन चार वर्षं झाली होती, पण देवळात अजून त्यांचंच राज्य होतं. व्यासपीठावर त्यांच्या नावाची पाटी होती. भांडणं लागली की पंच म्हणायचे, मास्तर असते तर काय म्हणाले असते? असा बाप मिळायला पुण्याई लागते, असं लोक वसंताला म्हणायचे आणि वसंताला ते फार आवडायचं.

उपासना सुरू झाली. गायन झालं, प्रार्थना झाली, उपदेश झाला. उपदेश जरा लांबलाच. पाळक नवे होते, सांगलीकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. त्यांना मंडळीतली जुनी माणसं ठाऊक नव्हती, त्यामुळं ते सगळ्यांबद्दल सारखंच चांगलं बोलायचे. लीला पोरीला घेऊन पुढं उभी राहिली. शेजारी स्टुलावर घंगाळ, त्यात पाणी.

पाळकांनी घंगाळाच्या काठावर हात ठेवला. "हे पात्र आज आपण प्रभूच्या मंदिरात अर्पण करीत आहोत. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिलं, त्या आपल्या प्रिय भगिनी चिमणाबाई केरबा चौगले गेल्या वर्षी प्रभूमध्ये निजल्या..."

"न्हाय निजली!"

आवाज मागच्या बाकावरनं आला. शेतात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा, मोकळा आणि मोठा.

"न्हाय निजली मी. चांगली जागी हाय."

सगळं देऊळ मागं वळलं. बायकांच्या बाजूला, अगदी दाराजवळ, एक म्हातारी उभी होती. नऊवारी काष्टा, डोईवर पदर, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. तिच्या मागं दारातच एक फेटेवाला गडी उभा, हातात वहाणा. देवळात वहाणा घालून यावं की काढून, हे न कळल्यामुळं त्या त्यानं हातात घेतल्या होत्या.

"बाई..." पाळक चाचरले.

"चिमणाबाई केरबा चौगले. कागलची. ती मीच. त्या भांड्यावरचं नाव पुसा आधी."

काय सांगायचं! तेवढ्यात लीलाच्या पोरीनं भोकाड पसरलं. पेटीवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, कुणी न सांगता त्यानं पेटी धरली आणि नाताळचं गाणं सुरू केलं. ऐन उन्हाळ्यात. चार माणसं सवयीनं गायलासुद्धा लागली.

आक्का जागच्या जागी थिजली होती. तिची नजर म्हातारीवर नव्हती. ती पुढच्या बाकावरच्या बाळासो पंचांकडं बघत होती. बाळासो पंच म्हणजे आप्पांचे जिवाभावाचे सोबती, आता पंचाहत्तरीचे. सगळी माणसं मागं बघत होती आणि बाळासो एकटेच खाली जमिनीकडं बघत होते.

ह्यांना ठाऊक आहे, आक्काच्या मनात आलं.

देवळामागच्या खोलीत सगळ्यांना आणलं. पाळकांनी मंडळीला गाणी म्हणत बसायला सांगितलं, आणि मंडळी इतकी हळू गात होती की खोलीतलं काही ऐकू येतंय का बघत होती हे उघडच होतं. वसंतानं दार लावून घेतलं. आवाज त्यानं मास्तरकीचा काढला.

"हे बघा बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय. नावासारखं नाव असतं..."

"गफलत?" फेटेवाला पुढं झाला. "पावणं, मी आकाराम. ही माझी आत्ती. पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी त्या कासाराकडं गेलतो. बघतोय तर घंगाळावर माझ्या आत्तीचं नाव, दाल्ल्याच्या, केरबाच्या नावासकट, आन् म्होरं स्मरणार्थ! मी म्हटलं, आरं ही बाई सकाळी मला भाकरी वाढून हितं लावून दिली, आन् हिला मारली कुणी? कासार म्हणतोय, केरबामास्तरांच्या पोरांनी, रविवारी देवळात द्यायला. ह्याला गफलत म्हणतासा?"

"केरबा चौगले कागलला दुसरेही असतील."

"दुसरा कशाला आसंल?" म्हातारी म्हणाली. ती वसंताच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. "नाक बग की तुझं. तेच हाय."

वसंताचा हात आपोआप नाकाकडं गेला. मग त्यानं बाळासोंकडं पाहिलं. "काका, तुम्ही सांगा ह्यांना."

बाळासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती हातानं सारखी केली.

"ती खरं बोलतीया, वसंता," ते म्हणाले.

मग हळूहळू, थांबत थांबत, म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. केरबा आणि बाळासो दोघंही तिकडचेच, कागलच्या बाजूचे. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. बाळासोंचं लग्न व्हायचं होतं, केरबाचं झालेलं. बायको अठरा वर्षांची. केरबा तिला न्यायला गेला, ती आली नाही. तिच्या भावांनी केरबाच्या नावानं, तो जिता असताना, दिवस घातले. जेवणावळ घातली. तिच्या बांगड्या फोडल्या. पुढं कोर्टातनं रीतसर सोडचिठ्ठी झाली, आणि दोन वर्षांनी मडमसाहेबांनी बोर्डिंगातली रूथ केरबाला दिली.

"लग्न कायदेशीर हाय तुमच्या आईबापाचं. त्याची काळजी नको," बाळासो म्हणाले. "पण नाव... ते काय कुणी ठरवून न्हाय केलं. लगीन झाल्यावर चारआठ दिवसांत एकदा त्यानं सवयीनं हाक मारली, चिमणे म्हणून. मी तितंच बसलोतो. माझ्या अंगावर काटा आला. पर तुमच्या आईनं निमूट पाणी आणून दिलं. मग तेच ऱ्हायलं. पोरं झाली, मंडळी वाढली, जुनी माणसं गेली. सांगायचं कुणी, आन् कशाला?"

"आईला माहीत होतं?" लीलानं विचारलं. तिचा आवाज अगदी पोरीसारखा झाला होता. "ते नाव कुणाचं ते?"

"ठावं होतं."

"म्हणजे आप्पा आयुष्यभर आईला दुसऱ्या बाईच्या..." पोरीला छातीशी घट्ट धरून लीला रडायला लागली.

आक्का मात्र रडली नाही. तिला राग आला होता, पण तो धरायचा कुणावर हेच तिला उमजेना. आप्पांवर? ते गेले. आईवर? ती इतकी वर्षं गप्प का बसली? की ह्या म्हातारीवर, जी बिचारी आपलं मेलेलं नाव ऐकून एस.टी.नं धावत आली? नाव कुठलं घालायचं म्हणून महिनाभर भांडले कोण? मीच. आप्पा ज्या नावानं हाक मारायचे तेच म्हणून हट्ट धरला कुणी? मीच की.

वसंता खोलीत येरझाऱ्या घालत होता. अचानक थांबला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "झालं ते झालं. आता पाळकसाहेबांनी बाहेर जाऊन सांगायचं, की नामसाधर्म्यामुळं ह्या बाईंचा गैरसमज झाला. आणि दप्तरात रूथ आहे, ते नाव वाचायचं. घंगाळावर उद्या दुसरा पत्रा बसवू. विषय संपला."

"आणि आप्पा?" आक्कानं विचारलं.

"आप्पांचं काय? आप्पा केरबामास्तर होते आणि केरबामास्तरच राहतील. व्यासपीठावर पाटी आहे त्यांची. लोक काय म्हणतील आक्का? की मास्तरांनी एक बायको टाकली आणि दुसरीला तिचं नाव चिकटवलं? ह्या चार भिंतींतनं हे बाहेर जाता कामा नये."

"दादा बरोबर बोलतोय," लीला डोळे पुसत म्हणाली. "रूथच म्हणा. मला घरी जायचंय. पोरीचा बाप्तिस्मा उरका आणि जाऊ."

परवापर्यंत आक्काच्या बाजूची असलेली लीला एका दमात पलीकडं गेली. दोनास एक. आक्कानं दोघांकडं बघितलं.

"रूथ कोण?" ती म्हणाली. "मडमेनं ओळ लावून वाटलेलं नाव ते. तुझ्या शाळेत हजेरी घेतोस तसलं. ते आईचं न्हवंच. चिमणाबाईसुद्धा तिचं न्हवं. मग माझी आई कोण होती रं वसंता? बाराचौदा तास उभी राहून लोकांची बाळंतपणं केली तिनं. तिचं स्वतःचं एवढंसं नाव न्हवतं?"

वसंतानं पाळकांकडं बघितलं, पाळकांनी बाळासोंकडं बघितलं.

आता ह्या सगळ्यात चिमणाबाई गप्प बसली होती. कागलहून निघाली तेव्हा तिनं वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. एस.टी.त शेजारच्या बाईला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. मला विधवा केलीत, आता जित्तेपणी मारता व्हय, असं ती म्हणणार होती. वसंताचं नाक बघून तिचं निम्मं बोलणं तिथंच अडलं. उरलेलं निम्मं ह्या मेट्रनबाईच्या तोंडाकडं बघून अडलं. हिचं तोंड केरबाचं नव्हतं. हिचं तोंड तिनं एकदा बघितलेलं होतं, फार वर्षांपूर्वी, पिराच्या माळावरच्या विहिरीवर.

"तुमची आय आलती माझ्याकडं," ती म्हणाली.

सगळे वळले.

"कवा?" आक्कानं विचारलं.

"तू कडंवर होतीस. टाळू भरली नव्हती अजून. कागलच्या बाजारादिवशी आली, इचारत इचारत विहिरीवर. मी धुणं धुतोतो. म्हणाली, मी त्यांची दुसरी. म्या म्हटलं, बरं, मग? आता काय माझी वाकळ पायजे? लई टाकून बोललो मी तिला. ती गप ऐकून घेतली सगळं. मग म्हणाली, ते मला तुमच्या नावानं हाक मारत्यात. मी ओ देतो. तुमचं नाव हाय, तुम्हाला इचारल्याबिगार कसं वापरायचं? म्हणून आलोय."

पोरीचं रडणं थांबलं होतं. बाहेरचं गाणंही संपलं होतं.

"नाव मागायला आलती ती, बगा. माझा दाल्ला नेला, त्यात न्हाय इचारलं कुणी. नाव तेवढं इचारायला चालत आली, लेकरू घिऊन." चिमणाबाईनं नाकावरनं पदर ओढला. "म्या म्हटलं, वापर बाई. मला हितं कोण त्या नावानं हाक मारतंय? पोरं आत्ती म्हणत्यात, भाऊ अगं म्हणतोय. वापर. पर मी वापरायला दिलतं. मरायला न्हाय दिलतं."

आक्का तिच्यासमोर खाली बसली. चक्क जमिनीवर, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीसकट.

"तिनं तिचं नाव सांगितलं का तुम्हाला? खरं? आईबापानं ठेवलेलं?"

"सांगितलं."

"काय?"

चिमणाबाई खाली बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तो मेला तवा जवळ कोण होतं?"

"आई. आन् मी."

"बोलला काय?"

वसंता मध्ये पडला. "आक्का, हे आता काही सांगायची गरज नाही."

पण त्याचं ऐकतं कोण? आक्काला ती खोली दिसत होती. आप्पा दोन दिवस शुद्धीत नव्हते. सारखं चिमणे, चिमणे चाललेलं. आई उशाशी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवून, "हाय की, हितंच हाय" म्हणत होती. आक्कानं हे सगळ्या मंडळीला किती वेळा सांगितलं होतं! बायकोचं नाव घेत गेले हो आप्पा, असं अभिमानानं सांगितलं होतं, बोर्डिंगातल्या पोरींनासुद्धा. आणि आत्ता, ह्या खोलीत, ह्या म्हातारीसमोर, त्या गोष्टीचं तोंडच फिरलं. आप्पा आईला हाक मारत नव्हतेच. आई तिथं बसून दुसऱ्या कुणाच्या तरी हाकेला ओ देत होती. आणि तिला ते कळत होतं.

आक्काला वाटलं, खोटं सांगावं. म्हणावं, काही बोलले नाहीत. ह्या बाईला कशाला ते द्यायचं? आईचं म्हणून एवढं तरी राहू दे. मग तिला वाटलं, आईनं काय राखून ठेवलं होतं? लेकरू कडेवर घेऊन चालत गेली ती.

"तुम्हाला हाक मारली," आक्का म्हणाली. "चिमणे म्हणूनच. सारखी. शेवटी एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, चिमणे, येतीस न्हवं?"

चिमणाबाईचा चेहरा असा झाला, की आकारामनं पुढं होऊन तिचा खांदा धरला.

"आत्ती? काय होतंय?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "गाव सोडताना तेच इचारलंतं त्यानं मला. उंबऱ्याभायेर उभं ऱ्हाऊन. येतीस न्हवं? आतनं भाऊ बघतोता. मी मान हलवली, न्हाय म्हणून. तोंडानं बोललोसुद्धा न्हाय." ती थांबली. "मग? तुमची आय काय म्हणाली त्याला?"

"येते म्हणाली. लगेच. एक क्षण न थांबता. येते की, म्हणाली. मग त्यांनी डोळे मिटले."

लीला हुंदका गिळत होती. वसंता भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याचा इस्त्रीचा सदरा पाठीवर हलत होता. बाप आपला नसून कुणातरी परक्या माणसाचा होता असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी जन्मात कधी नव्हती एवढी त्याला बापाची दया येत होती.

"बरं केलं बाईनं," चिमणाबाई म्हणाली. "मला न्हवतं जमलं ते."

मग तिनं आक्काचा हात ओढून घेतला आणि जसं काही फार साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "बायडा. बायडा नाव तिचं. गाव तिला ठावं न्हवतं, बापाचं नाव ठावं न्हवतं. दुष्काळात वाटंवर आय मेली तिची, ती मरस्तवर बायडे बायडे करत होती. तेवढंच ध्यानात ऱ्हायलंय, म्हणाली. मला सांगितलं आन् म्हणाली, तुम्ही तुमचं दिलंसा, मग माझं तुमच्यापाशी असूं दे. मी कुणाला सांगितलं न्हाय. कुणाला सांगायचं? सांभाळलं आपलं."

"बायडा," आक्का म्हणाली. आईचं नाव ती जन्मात पहिल्यांदा घेत होती.

पाळकांनी घड्याळ बघितलं. "मंडळी खोळंबली आहे. मग... मी कुठलं नाव वाचू?"

"रूथ," वसंता भिंतीकडं बघतच म्हणाला. पण त्यात आता जोर नव्हता. "आक्का, हात जोडतो. घरात आपण काय म्हणायचं ते म्हणू. बाहेर रूथ. आप्पांचं... आप्पांचं काय राहील नाहीतर?"

"जेवढं खरं हाय तेवढं ऱ्हाईल," आक्का म्हणाली आणि उठली. साडीवरची माती झटकलीसुद्धा नाही. "तुम्ही वाचू नका पाळकसाहेब. मी सांगते."

देवळात ती पुढून गेली तशी कुजबुज थांबली. तिच्या मागून चिमणाबाई आली, ती मागं आपल्या जागी जायला निघाली होती, पण आक्कानं दंडाला धरून तिला पहिल्या बाकावर, घरच्यांच्या बाकावर बसवलं. आकाराम पुरुषांच्या बाजूला अवघडून टेकला. वसंता आत येतोय की नाही ठाऊक नव्हतं. तो आला, सगळ्यात शेवटी, आणि दाराजवळच उभा राहिला.

आक्का घंगाळाजवळ उभी राहिली. पन्नास पोरींना गप्प करणारा तिचा आवाज, पण आता तो निघेना. चारशे तोंडं तिच्याकडं लागली होती, आणि त्यातली कितीतरी तिच्या आईनं पहिल्यांदा धुतलेली.

"हे घंगाळ," ती म्हणाली, "बायडाबाई केरबा चौगले यांच्या स्मरणार्थ हाय."

बायकांच्या बाजूनं लगेच प्रश्न उमटले. "कोण बायडाबाई?" "मास्तरांची बहीण व्हय?" "अगं, चिमणाकाकूच्या नावाचं हाय न्हवं ते?" एक म्हातारी तर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आक्के, चुकलीस गं! आईचं नाव घे!"

"आईचंच घेतलंय!" आक्का ओरडली, आणि मग तिला थांबता येईना. "तुम्ही जिला चिमणाकाकू म्हणत होता, तिचं नाव बायडा होतं. आम्हाला ठाऊक न्हवतं. आज कळलं. चिमणाबाई ही. ही इथं बसलीय ती. माझ्या बापाची पहिली बायको. बाप हिला सोडून आला, आन् हिचं नाव बरोबर घिऊन आला. ते नाव माझ्या आईनं जन्मभर वागवलं, हिला विचारून वागवलं. आता ज्याचं त्याला. ही जिती हाय. मेली ती माझी आई, बायडा. कुणाला काय म्हणायचं असंल तर मला म्हणा."

पंच एकमेकांकडंसुद्धा बघेनात. व्यासपीठावरची पाटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि सगळे ती सोडून दुसरीकडं बघत होते. बाळासो मात्र मान वर करून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

आक्का तशीच उभी. बोलून झालं होतं, पण आता कुठं जायचं, कुठं बसायचं, हे तिला सुचेना.

पहिल्या बाकावर चिमणाबाई सरकली आणि शेजारी जागा करून तिनं ती हातानं थोपटली.

"बस गं बायडाच्या लेकी," ती म्हणाली, सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "किती वेळ उभी ऱ्हाशील?"